तीन दहा म्हणजे तीस नव्हेत

गणित शिकविण्यांत जिच्या आयुष्याचीं एकतीस वर्षें गेलीं, त्या बाईला साठी उलटल्यावर एका उघड्या इंजिनापुढें पाटावर बसून पुन्हां धडे गिरवावे लागतील, असें भविष्य कोणी वर्तविलें असतें तर मीं त्याला दक्षिणा दिली नसती. परंतु गेल्या डिसेंबरांत तो योग आला, आणि तो इतका बोधप्रद झाला कीं, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटूं लागलें. यंत्रांची आवड नसलेल्या भगिनींनींहि ती वाचावी. तींत यंत्राइतकाच घराचाहि संबंध आहे.

आमचें घर कऱ्हाडास, सोमवार पेठेंत. दप्तरीं आतां ‘कराड’ असें लिहितात. सासूबाई मात्र अजून ‘कऱ्हाड’च म्हणतात. घरांत त्या, आम्ही दोघें, धाकटे दीर अण्णाभाऊजी, जाऊबाई आणि त्यांचीं दोन मुलें असा एकत्र संसार आहे. भाऊजी एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरींत केमिस्ट आहेत. त्यांचा थोरला मुलगा श्रीरंग पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यांत त्याचा एक विषय राहिला. त्या दिवसापासून बापलेकांचें बोलणें जवळजवळ बंद पडलें होतें. “त्याला विचार, केव्हां येणार आहे”, “बाबांना सांग, उद्यां येतों” अशा निरोपांची ने-आण करण्याचें काम जाऊबाईंकडे आलें होतें, आणि त्या तें इतक्या सफाईनें करीत कीं, पाहुण्यामाणसाला घरांत कांहीं बिनसलें आहे अशी शंकाहि येऊं नये.

विषय कां राहिला, ह्याविषयीं भाऊजींचें मत निश्चित होतें: गाडीपायीं. ही गाडी म्हणजे विद्यार्थ्यांनीं स्वतः बांधावयाची एका माणसाची शर्यतीची गाडी. ‘फॉर्म्युला भारत’ नांवाची ह्या गाड्यांची स्पर्धा कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर भरते. श्रीरंगाच्या मंडळींनीं आपल्या गाडीला चाकणला बनणारें के. टी. एम. मोटारसायकलचें ३७३ घनसेंटिमीटरांचें इंजिन बसविलें आहे. अशा स्पर्धांचा एक नियम मला फार आवडला. इंजिनाला लागणारी सगळी हवा अवघ्या वीस मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांतून आंत गेली पाहिजे. म्हणजे श्रीमंत महाविद्यालयानें मोठें इंजिन आणलें तरी त्याला श्वास तेवढाच घेतां येणार. परंतु ह्या नियमामुळें एक अडचण उभी राहते. कारखान्यानें इंजिनाबरोबर दिलेला ‘मेंदू’, ज्याला ई. सी. यू. म्हणतात, तो मोकळ्या श्वासाच्या हिशेबानें शिकविलेला असतो. नाक दाबल्यावर त्याचा हिशेब चुकतो. म्हणून मुलें बाजारांतून वेगळा मेंदू आणतात, ज्यांतील प्रत्येक आंकडा लॅपटॉपवरून आपल्या हातानें भरतां येतो. आंकडे भरण्याची मुभा म्हणजे आंकडे चुकविण्याचीहि मुभा, हें ओघानेंच आलें.

हें इंजिन लोखंडी चौकटीवर बसवून, टेम्पोंत घालून श्रीरंगानें सुटींत आमच्या परसांतील पत्र्याच्या शेडमध्यें आणलें. भाऊजींनीं तें येतांना पाहिलें आणि ते वर्तमानपत्र घेऊन माडीवर गेले.

आमच्या ह्या मुलखाला इंजिन परकें नाहीं. येथून थोड्याच अंतरावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडी वसविली. पुढें १९४६ सालीं शंतनुरावांनीं पुण्यास ऑइल एंजिनांचा कारखाना उभारला, आणि कृष्णाकांठच्या विहिरीविहिरींवर त्या एंजिनांचा ठोका ऐकूं येऊं लागला. परंतु तीं डिझेलचीं इंजिनें. त्यांना हवा हवी तेवढी मिळते. कमीअधिक होतें तें फक्त तेल. पेट्रोलच्या इंजिनाची प्रकृति नाजूक. एक भाग पेट्रोल पूर्ण जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इंधन फार झालें तर काळा धूर, ओली ठिणगी आणि वासच वास. कमी झालें तर इंजिन अडखळतें, आणि भरवेगांत तसेंच पळविलें तर आंतील उष्णता वाढून व्हॉल्व्ह जळतो, प्रसंगीं पिस्टनला भोंक पडतें. आमच्या मामंजींच्या पद्मिनी गाडीला थंडींत चोक ओढावा लागे, हें ज्यांना आठवत असेल त्यांना हा विषय निम्मा समजलाच. चोक म्हणजे गारठलेल्या इंजिनाला दिलेला वाढीव खुराक. तो केव्हां व किती ओढावा हें मामंजींच्या कानाला कळे. नव्या यंत्रांत तें कोष्टकांत लिहावें लागतें.

हीं कोष्टकें दोन प्रकारचीं. पहिलें मूळ कोष्टक: इंजिन अमुक वेगानें फिरत असतां व त्यावर तमुक भार असतां इंजेक्टरनें किती वेळ उघडें राहावें, ह्याचें. ही वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. दुसरीं दुरुस्तीचीं कोष्टकें. मुलें त्यांना ‘करेक्शन’ म्हणतात. इंजिन गार आहे, अमुक टक्के वाढवा. आत्तांच सुरू झालें आहे, चार क्षण आणखी वाढवा. आंत येणारी हवा थंड म्हणून दाट आहे, त्या मानानें वाढवा. महाबळेश्वरासारख्या साडेतेराशें मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्यापेक्षां सुमारें पंधरा टक्क्यांनीं उतरतो, तेथें कमी करा. बॅटरीचा दाब पडला कीं इंजेक्टर उघडावयास उशीर लावतो, त्याची भरपाई वेगळी. ती गुणाकारानें नव्हे, बेरजेनें होते. शेवटीं धुराड्यांत बसविलेला लॅम्बडा सेन्सर. जळून गेलेल्या वायूंत प्राणवायु किती उरला तें हुंगून तो सांगतो, आणि मेंदू त्याप्रमाणें इंधन किंचित् वाढवितो वा घटवितो. हा सेन्सर १९७६ सालीं प्रथम व्होल्वो गाडींत आला. मात्र तो तापल्यावांचून बोलत नाहीं, आणि श्रीरंगाच्या गाडींत इंजिन पुरतें तापेपर्यंत व पुढें भरवेगांत त्याचा सल्ला घ्यावयाचा नाहीं अशी योजना होती.

तक्रार अशी होती कीं, इंजिन दुपारीं गुणी बाळासारखें चाले आणि पहांटे सुरूच होत नसे. झालें तर चार आचके देऊन बंद पडे. स्पर्धा जानेवारींत, सकाळच्या वेळची. तेव्हां हा दोष काढणें अवश्य होतें. आणि ह्या दोषाची मौज अशी कीं, त्यावर दिवसांतून एकच प्रयोग करतां येतो. गार इंजिन एकदां तापलें कीं, पुन्हां तसें गार होण्यासाठीं दुसऱ्या पहांटेची वाट पाहावी लागते. परीक्षेला दिवसांतून एकच प्रश्न, तोहि सहाच्या ठोक्याला, अशी ही परीक्षा होती. सासूबाई म्हणाल्या, “माझ्या काकडआरतीला आतां वाद्यांची उणीव राहिली नाहीं.”

पहिल्या पहांटे इंजिन आचके देऊन बंद पडलें. दुसऱ्या पहांटे मी चहा घेऊन शेडमध्यें गेलें, तेव्हां पेट्रोलचा वास अंगणापर्यंत आला होता. श्रीरंगानें ठिणगीचा प्लग काढून हातांत धरला होता. तो निथळत होता.

“काकू, फक्त दहा टक्के वाढवलं होतं ग,” तो म्हणाला.

“कोठें?”

“गारठ्याच्या कोष्टकांत दहा. मग सुरू झाल्यानंतरच्या कोष्टकांत दहा. आणि हवेच्या कोष्टकांत दहा.”

“आणि हीं कोष्टकें एकमेकांत मिळवायचीं कीं गुणायचीं?”

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. एकशें दहाच्या शतांशाला पुन्हां तितक्यानेंच आणि पुन्हां तितक्यानेंच गुणलें, तर उत्तर १३३.१ येतें. तीन दहा म्हणजे तीस नव्हेत, तेहतीस. आंकड्यांतला फरक तीनच. परंतु खरी गोष्ट अशी कीं, प्रत्येक ठिकाणीं ‘थोडेंसेंच’ वाढविणाऱ्याला आपण एकतृतीयांश इंधन जास्त ओतलें आहे ह्याची जाणीवच राहत नाहीं. त्या दिवसापासून शेडमधली माझी जागा कायम झाली.

मीं त्याला एकच प्रश्न विचारला, जो गणिताची कोणतीहि शिक्षिका विचारील: “दुरुस्ती वाढवण्यापूर्वीं मूळ आंकडा बरोबर आहे, हें तुला कशावरून कळलें?” मूळ कोष्टक त्यानें बनविलेलें नव्हतें. तें त्याच्या महाविद्यालयांतील आधींच्या मुलांनीं २०२२ च्या एप्रिलांत, भर उन्हांत, हवा ३८ अंशांवर असतां बनविलें होतें, आणि वारसाहक्कानें खालीं आलें होतें. हवेच्या तपमानाचा रकाना तर कोणी भरलाच नव्हता; तेथें वरपासून खालपर्यंत शंभरच लिहिले होते. ‘इंजिन दुपारीं चांगलें चालतें ना, मग मूळ बरोबरच असणार’ असा त्याचा समज होता. तसें नसण्याचाहि संभव आहे असें मीं म्हटलें, आणि तिसऱ्या दिवशीं आम्ही दुरुस्तीला हात न लावतां फक्त पाहावयाचें ठरविलें.

पहांटे कसेंबसें इंजिन सुरू करून तें पुरतें तापूं दिलें. हवा अजून १४ अंशांवर होती. सेन्सर बोलूं लागला, इंजिन शहाण्यासारखें फिरूं लागलें, आणि लॅपटॉपवर एक आंकडा दिसला: अधिक १३. म्हणजे सेन्सर कोष्टकाच्या वर तेरा टक्के इंधन आपल्या पदरचें घालीत होता. त्याला पंधरापर्यंतच अधिकार दिलेला. दोन टक्क्यांवर त्याची शक्ति संपत होती. दुपारीं पत्रे तापून इंजिनाजवळची हवा ३८ अंशांवर गेली, तेव्हां तोच आंकडा अधिक ४ वर उतरला. सकाळीं आणि दुपारीं इंजिन सारखेंच शांत वाटत होतें. तें निरोगी नव्हतें, कोणी तरी गुपचूप भरून काढीत होतें. पहांटे सेन्सर गार, म्हणून तो मदतीला नाहीं, आणि रोग उघडा पडतो. गारठ्याच्या कोष्टकांत कितीहि भर घातली तरी ती आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! पहांटेच्या आचक्यांची मला तितकी भीति वाटली नाहीं. भरवेगांतहि सेन्सर मदतीला नसतो, आणि तेथें ह्या तुटीनें नुसते आचके बसत नाहींत, पिस्टन जातो. मुलांनीं वर्षभर वर्गणी काढून उभें केलेलें इंजिन चार मिनिटांत निकामी झालें असतें.

तेरांतील बहुतेक भागाचा उलगडा सोपा होता. हवेची दाटी निरपेक्ष तपमानाच्या उलट प्रमाणांत बदलते. ३८ अंश म्हणजे ३११, १४ अंश म्हणजे २८७. पहिल्याला दुसऱ्यानें भागलें कीं १.०८ येतात. आठ टक्के हवेचे. तें त्या रिकाम्या रकान्यांत जाणार. परंतु दुपारींहि जे चार उरत होते, ते कोणाचे? श्रीरंगानें नळ्या तपासल्या, पंपाचा दाब मोजला, हवेची गळती शोधली. कांहींच सांपडेना. तीन दिवस गेले. मीं स्वयंपाकघरांतल्या कालनिर्णयाच्या जुन्या पानाच्या पाठीवर लिहून ठेवलें: “सकाळीं १३, दुपारीं ४. आठ हवेचे. चार कोणाचे?” आणि तें पान भिंतीला टांचलें, कारण हातांत पोळपाट असतां मला बरें सुचतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या प्रश्नाखालीं बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत दोन ओळी होत्या: “इथेनॉल. २०२२ सालीं दहा टक्के, आतां वीस. १४.१ भागिले १३.५.”

तें अक्षर घरांत एकाच माणसाचें आहे. जाऊबाईंनीं तें पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि कणकेंत पाणी घालूं लागल्या. श्रीरंग बराच वेळ त्या पानासमोर उभा होता.

उत्तर अगदीं बरोबर होतें. इथेनॉलच्या वजनांत एकतृतीयांशाहून अधिक भाग प्राणवायूचाच असतो. जें आधींच अर्धवट जळल्यासारखें आहे, त्याला हवा थोडी पुरते: एका भागास नऊ भाग. म्हणून मिश्रणांत इथेनॉल जसजसें वाढतें, तसतसें त्याच हवेला अधिक इंधन द्यावें लागतें. दहा टक्के मिश्रणास सुमारें १४.१ भाग हवा, वीस टक्के मिश्रणास सुमारें १३.५, अंतर चार टक्क्यांचें. देशांत दहा टक्क्यांचा टप्पा २०२२ च्या जूनांत गांठला गेला आणि वीसचा २०२५ सालीं. म्हणजे कोष्टक जेथल्या तेथें राहिलें आणि त्याच्या खालचें पेट्रोल बदलून गेलें. आणि बदललें तें कोणामुळें? कृष्णाकोयनेच्या कांठच्या उसामुळें, भाऊजींच्या डिस्टिलरींतल्या उंच स्तंभांमुळें! ज्या घटकाचें प्रमाण भाऊजी रोज आठ तास मोजतात, तोच घटक त्यांच्या मुलाला तीन दिवस परसांत सांपडत नव्हता.

त्यानंतरच्या पहांटे गळ्याला मफलर गुंडाळून भाऊजी शेडच्या दाराशीं येऊन उभे राहिले. मला वाटलें, आतां राहिलेल्या विषयाची गोष्ट निघणार.

“तपमान किती?” त्यांनीं विचारलें.

“तेरा, बाबा.”

“थंडींत तें लौकर उडत नाहीं. वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता घेतं. गारठ्याच्या कोष्टकांत त्यासाठीं थोडं ठेव. पण थोडंच.”

“थोडं म्हणजे किती?”

“तें तुझी काकू सांगेल,” असें म्हणून ते खोक्यावर बसले.

पुढचें काम क्रमानें झालें. आधीं सेन्सरची दुरुस्ती बंद केली, म्हणजे जें आहे तें स्वच्छ दिसावें. मूळ कोष्टकांत चार टक्के वाढविले. परंतु भाराखालचे रकाने पुण्यास डायनामोमीटरवर पुन्हां तपासल्यावांचून खरे धरावयाचे नाहींत, असें वहींत लिहून ठेवलें. मग हवेचा रकाना हिशेबानें भरला: ३८ अंशांस शंभर, १४ अंशांस एकशें आठ, मधले त्या प्रमाणांत. इंजिन पुरतें तापल्यावर गारठ्याचें कोष्टक बरोबर शंभरावर यावें, हें पाहून घेतलें. त्यानंतर रोज एका पहांटे एकच आंकडा, तोहि दोन-तीन टक्क्यांनीं. गंमत अशी कीं, ह्या वेळीं गारठ्याचे आंकडे वाढवावे लागले नाहींत. आधींच्या मुलांनीं जे फुगवून ठेवले होते ते उतरवावेच लागले. सहाव्या पहांटे कळ दाबतांच इंजिन पहिल्याच दमांत सुरू झालें आणि सुरू राहिलें. मग सेन्सर पुन्हां कामावर घेतला. त्याचा आंकडा आतां एक-दोनांच्या आंत खेळत होता.

ह्या सबंध प्रकरणांत एक विचार माझ्या मनांतून जाईना. श्रीरंगाचा विषय राहिला तेव्हां त्याला कोणीहि फार बोललें नव्हतें. भाऊजी बोलले, तें बापानें बोलावें इतकेंच. आमच्या घरच्यांनीं जेवतांना एक वाक्य टाकलें. सासूबाईंनीं शेजारच्या मुलाचें उदाहरण दिलें. प्रत्येकानें आपापल्या परीनें दहा टक्के दुरुस्ती केली आणि आपण मर्यादा सोडली नाहीं, ह्या समाधानांत प्रत्येक जण राहिला. एकत्र कुटुंबांत मुलाला मायेचीं माणसें पुष्कळ, हें त्याचें भाग्य. परंतु तीं सर्व त्याला एकाच वेळीं सुधारूं लागलीं कीं, त्या दहा-दहांचा गुणाकार त्या एकट्याच्या अंगावर पडतो. आणि मूळ कोष्टक? मुलगा कशांत रमतो, त्याच्या विषयांचें स्वरूप आपल्या काळाहून किती पालटलें आहे, हें विचारण्याचें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. आपल्या वेळीं भरलेले आंकडे आपण बरोबर धरून चाललों होतों.

दुसरें असें, घरांत शांतता आहे एवढ्यावरून घराचें ठीक चाललें आहे असें समजूं नये. ती शांतता कोण आपल्या पदरचें घालून राखीत आहे, तें एकदां पाहावें. आमच्या घरीं सहा महिने तें काम जाऊबाई करीत होत्या. त्यांचा आंकडा पंधराच्या किती जवळ गेला होता, हें आम्हीं कोणीं वाचलें नव्हतें.

असो. टेम्पो येऊन इंजिन पुण्यास परत गेलें आहे. डायनामोमीटरवर चार टक्क्यांचे कांहीं रकान्यांत पांच झाले, कांहींत तीनच राहिले, असें श्रीरंगानें कळविलें. राहिलेला विषय मे महिन्यांत सोडवावयाचा, ही भाऊजींची अट त्यानें मान्य केली आहे. आणि ती अट भाऊजींनीं त्याला स्वतः, समोरासमोर बसवून सांगितली. हा लेख छापून येईल तेव्हां कोइमतूरची स्पर्धा होऊन गेलेली असेल. तेथें कितवा क्रमांक येतो तें येवो. काल रात्रीं नऊ वाजतां फोन वाजला, तेव्हां जाऊबाई हात पुसत उठूं लागल्या, तों भाऊजीच म्हणाले, “बस तूं. माझ्यासाठीं असेल.”